आक्कांनी एकटीनं बांधलेला किल्ला

आमच्या थोरल्या जाऊबाई सगुणाआक्का. त्यांच्याबद्दल भुकूममधी कोनी चार शब्द बरं बोलल्यालं मी काय ऐकलं न्हाई. तोंडाळ म्हनत्यात, कजाग म्हनत्यात. मी त्यांची धाकटी जाऊ, हेमलता. माझं बी तोंड काय गोड न्हाई, म्हनून आमचं दोघींचं जमलं बी लई आन् वाजलं बी लई. पन यंदाच्या दिवाळीत त्या बाईनं जे केलं ते मला जमलं नसतं, आन् ज्या नावं ठेवत्यात त्यांच्यातल्या एकीला बी जमलं नसतं. त्या सोता काय कुनाला सांगायच्या न्हाईत. म्हनून मी सांगतीया.

आक्का धरनाच्या पल्याडच्या वाडीतनं हितं नांदायला आल्या. मूलबाळ झालं न्हाई. भाऊजी तापाचं निमित्त होऊन गेले, तवा आक्का तिशीच्या आत हुत्या. माघारी जावं तर म्हायेरात कोन उरलं नव्हतं. मंग ऱ्हायल्या हितंच. उन्हाळ्यात डोंगरातनं करवंदं आनायची, पौड रस्त्याच्या कडंला पाटी घेऊन बसायचं, पावसाळ्यात आमच्या भातलावनीला राबायचं. पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगाला बिल्डिंगी आल्या, आमच्या भावकीनं वावरं विकली. आक्कांच्या वाट्याला जुना गोठा आन् म्होरचं आंगन आलं. त्यांनी गोठा पाडून दोन खोल्या बांधल्या. एकीत सोता ऱ्हायल्या, दुसरी भाड्यानं देत्यात.

सन आला की मात्र आक्कांचं डोकं फिरायचं. आदीच विधवा, त्यात मूल न्हाई. हळदीकुंकवाला बोलवनं न्हाई, ओटी भरायला बोलवनं न्हाई. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला मी माझ्या पोरांना उटनं लावायची, सगळ्या आळीत पोरांचा कालवा असायचा, आन् ह्या बाई घराच्या मागं जाऊन राख घेऊन भांडी घासत बसायच्या. घासल्यालीच भांडी. लख्ख हुती ती आदल्याच दिवशी. मी एकदा म्हनलं, आक्का, तांब्याला भोक पाडता का काय. तर म्हनल्या, तू तुझी पोरं घास, मी माझी भांडी घासते. मी परत इचारलं न्हाई.

मंग चार वर्सामागं शहनाज आली भाडेकरू म्हनून. तिचा नवरा अतीक मिल्ट्रीत हवालदार. त्याला अशा जागी धाडलं हुतं जितं बायकापोरं न्हेता येत न्हाईत. सरकारी क्वार्टर सोडायला लागलं, आन् शहनाजचा भाऊ हाफीज पौडात पंखं-मोटारी दुरुस्त करतो, म्हनून ती ह्या भागात आली. संगं एक चार-साडेचार वर्साची पोरगी, मन्तशा. केस आखूड कापल्यालं, गुडघ्याला खरचटल्यालं, आन् सारखी कायतरी इचारनारी.

सामान म्हंजी काय, काळ्या पत्र्याच्या ट्रंका. वर पांढऱ्या रंगानं अतीकचं नाव आन् नंबर. सहा म्हैने झालं तरी शहनाजनं दोन ट्रंका उघडल्या बी न्हाईत, भिंतीला खिळा मारला न्हाई. आक्का म्हनल्या, अगं, खुशाल मार खिळा, माझीच भित हाय. तर शहनाज हसून म्हनली, आम्हाला सवय नाही आक्का, उपटताना त्रास होतो. आक्कांना ते आवडलं न्हाई. त्यांनी सोता हातोडी आनली, खिळा ठोकला आन् पोरीचं दप्तर त्याला अडकवलं.

तवापासनं पोरगी आक्कांची झाली. दुसरं काय म्हनू. शहनाजनं पिरंगुटला एका हाफिसात काम धरलं. शाळंतनं आली की मन्तशा आक्कांच्या वट्यावर. आक्कांच्या हातची भाकरी, आक्कांच्या मांडीवर झोप. ती आक्कांना आज्जी म्हनायची. पहिल्यांदा म्हनली तवा मी हुते तितं. आक्का तांदूळ निवडत हुत्या, त्यांनी मान वर केली न्हाई, पन निवडल्यालं खडं परत सुपात टाकलं.

ईद आली की शहनाज शीरखुर्मा करायची आन् पहिली वाटी आक्कांना. दिवाळी आली की पोरगी पहिली आंघोळ आक्कांकडं करायची. आक्का तिला उटनं लावायच्या ते असं घसाघसा की पोरगी ओरडायची. मागच्या दाराला भांडी तशीच पडल्याली असायची त्या दिवशी. मी बघायची. मला बरं वाटायचं.

आन् किल्ला. आमच्याकडं दिवाळीत पोरं किल्लं करत्यात, ते काय सांगायला नगं. पहिल्या दिवाळीत आळीतल्या पोरांनी मन्तशाला हात लावू दिला न्हाई, तू मोडशील म्हनं. ती आक्कांकडं आली आन् इचारलं, “आज्जी, आपला किल्ला कुठाय?”

आक्कांनी जन्मात किल्ला केला नव्हता. ल्हानपनी भाऊ करायचे, पोरींनी मातीचं घमेलं द्यायचं. लग्नानंतर करायचा कुनासाठी? पन पोरीनं ‘आपला’ म्हनल्यावर त्या उठल्याच. आमच्याच इकल्याल्या वावरात बिल्डिंगीचा पाया खनत हुते, तितली तांबडी माती आनली. वाचमन आडवा आला तर आक्का म्हनल्या, ही माती माझ्या सासऱ्याची हाय, तुज्या सायबाला सांग. विटा रचल्या, गोनपाट भिजवून टाकलं, वरनं चिखल लिपला. अळीव पेरलं. दिवाळीपत्तोर हिरवागार झाला किल्ला. वर म्हाराज बसवलं, पायरीवर मावळं.

मंग मन्तशानं तिच्या डब्यातनं एक शिपाई काढला. प्लास्टिकचा, हिरवा, हातात बंदूक. तो तिनं म्होरच्या दरवाज्यात उभा केला. आळीतली पोरं हसली, म्हनली, म्हाराजांच्या येळंला बंदुकवाला मिल्ट्री कुटनं आला? पोरगी म्हनली, ते अब्बू आहेत, ड्यूटीवर आहेत. पोरं आनखीनच हसाय लागली. आक्कांनी पोरांना असा दम दिला की आळी सामसूम झाली. म्हनल्या, म्हाराजांना काय पहारेकरी लागत न्हाई व्हय रे? त्यो तितंच ऱ्हाईल.

तीन दिवाळ्या तसंच. किल्ला आक्कांच्या आंगनात आन् दारात अब्बू. रोज सांच्याला पोरगी पनती लावायची आन् शिपायाला म्हनायची, गुड नाइट. तिकडं डोंगरात खऱ्या अब्बूच्या फोनला रेंज असायची नसायची. ह्याला मात्र रोज गुड नाइट. शहनाज सांगायची, ही रोज अब्बूशी बोलते म्हणून मलाच धीर येतो.

यंदा गनपती उठलं आन् अतीकची बदली आली. भटिंड्याला. तितं क्वार्टर मिळालं, म्हंजी आता सगळी एका जागी ऱ्हानार. चांगलीच गोष्ट झाली की. आक्का बी तसंच म्हनल्या. पोरीला बाप मिळाला, ह्याच्यापरीस काय पायजे. असं म्हनल्या आन् दोन दिस कुनाशी बोलल्या न्हाईत. अतीक सोता आला सामान बांधायला. उंचापुरा गडी, पन आक्कांच्या म्होरं मान खाली घालून उभा ऱ्हायला, म्हनला, तुम्ही होतात म्हणून मी तिकडे झोपू शकत होतो. ट्रंका टेम्पोत गेल्या. दप्तराचा खिळा तेवढा भितीला ऱ्हायला.

जायच्या दिवशी मन्तशानं आक्कांच्या वट्याचा खांब धरला आन् सोडंना. बापानं हात सोडवायचा तर ती किंचाळायची. शेवटी शहनाज म्हनली, “बेटा, दिवाळीला येऊ ना आपण. किल्ला करायला येऊ.” पोरगी लगीच गप झाली. तिनं खिशातनं तो हिरवा शिपाई काढला, आक्कांच्या हातात दिला आन् म्हनली, “आज्जी, हा सांभाळ. मी आले की मीच दरवाज्यात ठेवणार. तू ठेवायचा नाही.”

आक्का म्हनल्या, न्हाई ठेवत. पोरगी गाडीत बसली, हात हालवत गेली, रडली बी न्हाई.

आता मला शहनाजची चीड आली ती हितंच. पोराला शांत करायला मानूस म्हनतं येऊ म्हनून. मी बी म्हनते. पन ऐकनारी एक नव्हती, दोघी हुत्या. आक्कांनी ते कमरंच्या पिशवीत बांधून ठेवलं, त्या शिपायासंगट.

मंग फोन. आक्कांकडं साधा फोन, त्यात तोंड दिसत न्हाई, म्हनून त्या माझ्याकडं यायच्या. शहनाज एकदा उचलायची, धा येळा न्हाई. उचलला तरी मन्तशा झोपली, मन्तशा शाळंत गेली, मन्तशा खाली खेळतीया. आक्का म्हनायच्या, बरं बरं, खेळू दे. फोन ठेवला की इचारायच्या, आवाज आला का गं मागनं तिचा? मी म्हनायची, व्हय, हसत हुती. आला नव्हता काय बी. मी मनात शहनाजला नाही नाही ते बोलायची. म्हनलं, क्वार्टर मिळालं, नवरा मिळाला, आता म्हातारी कशाला लागतीया.

दिवाळी जवळ आली तवा आमचा पंखा घेऊन मी पौडात हाफीजकडं गेले. त्यानंच सांगितलं, अतीकला नवीन जागी एवढ्यात सुट्टी न्हाई, ती लोकं यायची न्हाईत. मी पंखा तितंच टाकून घरी आले. सांगू का नगं करत आक्कांच्या वट्यावर गेले आन् सांगून टाकलं. आक्का उटन्यासाठी आंबेहळद कुटत हुत्या. त्यांनी कुटायचं थांबवलं न्हाई. एवढंच म्हनल्या, पोरीला म्हाईत हाय का? मी म्हनलं, मला काय ठावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ही बाई डोक्यावर घमेलं घेऊन चालल्याली. गुडघं कामातनं गेल्यालं, वट्यावरनं उठताना खांब लागतो, आन् माती आनाय निघाली. मी लई बोलले. म्हनलं, आक्का, लोकं हसत्याल, पोर न्हाई पोराचा पत्ता न्हाई आन् म्हातारी किल्ला करतीया. तर म्हनल्या, “हसू दे. ती म्हनली हुती ना आपला किल्ला? मंग निम्मा माझा हाय.”

पाच-सहा दिस राबल्या. आमच्या वावराच्या जागी आता सात मजली बिल्डिंग झालीया, माती मिळंना. नाल्याच्या कडंची उकरून आनली. विटा आनल्या मागच्या भितीच्या. गोनपाट, चिखल, सगळं बसून, सरकत सरकत. अळीव पेरून त्यावर रोज हातानं पानी शिपडायचं. शेवटी शेवटी मीच गेले मदतीला, शिव्या देत गेले, पन गेले. मला म्हनल्या, बुरूज लावू नको तू, तुला न्हाई जमायचं, मन्तशाला जमायचं. म्हनलं, बरं.

किल्ला झाला झ्याक. आळीतल्या सगळ्यांपरीस चांगला. अळीव तरारून वर आलं, म्हाराज बसलं, मावळं उभं ऱ्हायलं. दरवाजा तेवढा मोकळा. शिपाई पिशवीतच.

लक्षुमीपूजनाच्या दिवशी आक्का नवं लुगडं नेसून माझ्याकडं आल्या. म्हनल्या, आज सनाचं लाव की फोन, तोंड दिसायचा. किल्ला दावू तिला. ती येत न्हाई तर किल्ला तरी बघू दे. मी म्हनलं, चला. आंगनात आलो तर पनत्यांच्या उजेडात किल्ला कसा उठून दिसत हुता. आक्कांनी वाकून बघितलं आन् म्हनल्या, दरवाजा लईच रिता दिसतुया गं. पोरीला वाटंल आज्जीनं अब्बूला हरवलं. आन् पिशवी सोडून शिपाई काढला आन् ठेवला दरवाज्यात.

मला बी त्यात काय वाटलं न्हाई. खोटं कशाला बोलू, मला बी तवा बरंच वाटलं.

शहनाजनं उचलला. मागं क्वार्टरं, लायटिंग, बायका-पोरांचा गलबला. तितं सगळ्यांचे सन सगळे मिळून करत्यात, शहनाजच सांगायची. मन्तशा मैतरनीसंगट रांगोळी भरत हुती. सेटर घातल्याला, केस वाढल्यालं, दोन शेंड्या. शहनाजनं जरा आढंवेढं घेतलं, पन सनाचा दिस, न्हाई म्हनवंना. फोन पोरीकडं दिला. पोरीनं बघितलं, आज्जी म्हनून हसली, पन बोटं रंगातच. तिची मैतरीन तिला बोलवत हुती. आक्का नुसत्या बघत हुत्या. मंग म्हनल्या, “हे बघ काय केलंय,” आन् माझा फोनवाला हात किल्ल्याकडं फिरवला.

मन्तशा बघत ऱ्हायली. हसू गेलं. फोन तिनं तोंडाजवळ न्हेला, निसतं डोळंच दिसाय लागलं.

“अब्बूला तू ठेवलंस?”

आक्का म्हनल्या, व्हय, दरवाजा रिता दिसत हुता.

“मी ठेवणार होते. मी येणार होते ना. तुला माहितीये मी नाही येणार?”

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. तिकडनं फोन खाली पडला, आभाळ दिसलं, कुनाची तरी चप्पल दिसली, आन् लांबनं आवाज आला पोरीचा. तसा आवाज मी जातानाबी ऐकला नव्हता. शहनाजनं फोन बंद केला.

त्या रात्री आक्कांनी शिपाई काढून परत पिशवीत ठेवला. म्हनल्या, चुकलं. मी म्हनलं, तुमचं काय चुकलं. तर म्हनल्या, ती वाट बघत हुती आन् मी तिला सांगून टाकलं की मी वाट बघायची सोडली.

पाडव्याच्या दुपारी मला शहनाजचा फोन आला. आक्कांना नगं सांगू, आधी तूच ऐक म्हनली. पोरीला ताप भरलाय. जेवत न्हाई. दप्तरातली पुस्तकं काढून फ्रॉक भरलेत आन् क्वार्टरच्या पायरीवर बसलीया, आज्जीकडं सोडा म्हनून. आताशी कुटं रात्रीची झोपाय लागली हुती, आताशी एक मैतरीन झाली हुती, ती बी ह्या आठवड्यात. मंग म्हनली, मावशी, थोडे दिवस आक्कांनी फोन नाही केला तर चालेल का.

माझं डोकं सनकलं. मी म्हनलं, बाई, चार वर्सं तुझी पोरगी तिनं अंगाखांद्यावर वाढवली, गोवर आला तर रातभर मांडीवर घेऊन बसली, तवा न्हाई व्हय आठवला तुला हा कायदा?

ती म्हनली, “तेच तर, मावशी. कुणी इतकं केलं नसतं तर हे करावं लागलं नसतं.”

आन् रडाय लागली. म्हनली, मी पण फौजीचीच मुलगी. माझी अम्मी असंच करायची. बदली झाली की तीन महिने जुन्या जागी फोन नाही, पत्र नाही. पोर रडतं, मग गप्प होतं, मग नव्या जागी खेळायला लागतं. मध्येच जुनं कुणी दिसलं की परत पहिल्यापासून. अम्मीचा तेव्हा मला राग यायचा. आता तिच्यासारखंच करते. दिवाळीला येऊ म्हणाले ती माझीच चूक, ते म्हणायचं नसतं, आमच्याकडे कुणीच म्हणत नाही. आक्कांकडे बघून माझ्या तोंडून गेलं.

राग यायला पायजे हुता मला अजून. न्हाई आला. मला आमच्या आक्कांचा खिळा आठवला.

मी आक्कांकडं गेले ते सांगायचंच न्हाई असं ठरवून. पन माझ्या तोंडावर सगळं दिसतं, मेलं हे तोंड. आक्का म्हनल्या, ताप आलाय व्हय पोरीला? मी म्हनलं, तुमाला कुनी सांगितलं? म्हनल्या, रडली की येतोच तिला. मंग मी सगळं सांगितलं. एक शब्द गाळला न्हाई. वाटलं आता ही बाई शहनाजच्या सात पिढ्या काढंल. मी तयारच हुते, मी बी काढल्या असत्या.

आक्का म्हनल्या, पट्ट्या ठेवाय सांग मिठाच्या पान्याच्या. कपाळावर न्हाई, पोटऱ्यांवर. तिला कपाळावर आवडत न्हाईत.

मंग इचारलं, “तीन म्हैनं म्हनली का?”

म्हनलं, व्हय.

“तवर इसरंल का गं?”

मी म्हनलं, न्हाई वो आक्का, अशी कशी इसरंल. तर त्या मलाच ओरडल्या. म्हनल्या, इसरू दे की. ल्हान हाय. न्हाई इसरली तर तितं जगंल कशी? आन् पदर तोंडाला लावून रडल्या. भाऊजी गेले तवा सुदीक मी त्यांना अशा रडताना बघितलं न्हाई. वट्यावरच रडल्या, आळीतनं लोकं जात हुती, तरी रडल्या. माझ्या म्होरं उटन्याची वाटी हुती, पोरीसाठी कुटल्यालं, तसंच पडल्यालं. मी ती वाटी उचलून आत ठेवली.

दिवाळी सरली. आळीतल्या पोरांनी रीतीपरमानं आपापलं किल्लं उड्या मारून मोडलं. आक्कांचा तसाच. रोज सकाळी पानी शिपडायच्या. मी म्हनलं, आता कुनासाठी? तर म्हनल्या, अळीव हाय, जितं हाय तवर पानी नगं व्हय. फोन लाव म्हनून एकदा बी आल्या न्हाईत. हाफीजकडनं मला कळायचं, ताप उतरला, शाळंत जाती, जेवती. मी तेवढंच त्यांच्या कानावर घालायची. त्या म्हनायच्या, बरं झालं.

तुळशीचं लगीन हुतं त्या दिवशी. दुपारची येळ. मी आक्कांच्या आंगनात तुळशीला ऊस बांधत हुते, आक्का खाली बसून किल्ल्याची पडल्याली माती लिपत हुत्या. माझा फोन वाजला. बघते तर शहनाजचा नंबर, आन् तोंड दिसायचा फोन. त्या नंबराला मी मन्तशाचाच फोटो लावल्याला हाय, गेल्या दिवाळीचा, ह्याच जागी, तवाच्या किल्ल्याम्होरं, गालाला चिखल. शहनाज ह्या वेळंला कधी करायची न्हाई, आईच्या नकळत पोरीनंच लावला असनार.

मी तशीच आक्कांकडं न्हेला. म्हनलं, आक्का, ती सोता करतीया. आपन न्हाई केला. तिनंच केला तर काय बिघडतंय?

आक्कांनी हात लुगड्याला पुसलं आन् फोन घेतला. दोन्ही हातांनी धरला. फोटोकडं बघत ऱ्हायल्या. अंगठा पार काचंजवळ न्हेला, हिरव्या खुनंच्या वर. मी म्हनलं, दाबा की. त्यांनी न्हाई दाबला. फोन वाजून वाजून बंद झाला.

“गेली बघ खेळाय,” आक्का म्हनल्या.

तवर परत वाजला. ह्या बारीला त्यांनी तो किल्ल्याच्या पायरीवर, मावळ्यांच्या मधी ठेवला आन् बघत बसल्या. बारीक आवाजात म्हनल्या, “ठेव गं बाळा. ठेव आता.” मी म्हनलं, आक्का, दगड हाय का काय तुमच्या छातीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं बी न्हाई. दुसऱ्यांदा बी बंद झाला.

तिसऱ्यांदा वाजला तवा त्या खांब धरून उठल्या आन् घराच्या मागं गेल्या. मी फोनम्होरं एकटी. गालाला चिखल लागल्याली पोरगी माझ्याकडं बघून हसत हुती. माझा बी हात गेला हुता पुढं, खरंच सांगते. तेवढ्यात मागच्या दारातनं राखंनं भांडं घासल्याचा आवाज याया लागला.

मी फोन पालथा घातला. वाजतच हुता. मागं गेले, आक्कांच्या शेजारी बसले, एक लख्ख तांब्या उचलला आन् घासाय लागले.